जेजुरीचा पिवळा दिवस: एक सोमवती आणि सहा पाहुणे

फोनवर आलेला फोटो मी बघताक्षणी ओळखला. जेजुरीच्या खंडोबाच्या गडकोटाचं अंगण, वरच्या सज्जातून टिपलेलं. माणूस एकही ओळखू येत नाही. नुसता पिवळा धूर आणि त्यातून वर आलेले हात. खाली एकच ओळ होती: "ताई, आम्हाला हे बघायचंय. कधी येऊ?"

मी सासवडची. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना आमच्या गावचं संगमेश्वराचं देऊळ, पुरंदर, कऱ्हे पठार, जेजुरी दाखवायचं काम गेली काही वर्षं करते आहे. जेजुरीची चौकशी करणाऱ्या बहुतेकांकडे हाच फोटो असतो, किंवा याच्यासारखा दुसरा. त्यातला दिवस सोमवती अमावस्येचा, दसऱ्याचा नाहीतर चंपाषष्ठीचा असतो. वर्षाचे उरलेले दिवस त्या फोटोत कुठेच नसतात. एखादा उत्सव गावाची ओळख घडवतो असं आपण सहज म्हणतो. ती घडते कशी आणि बिघडते कुठे, हे मला एका सोमवतीला फार जवळून दिसलं. ते इथे नीट मांडते आहे.

तो दिवस 8 एप्रिल 2024, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीचा सोमवार. पाहुणे सहा जण. मुंबईत नोकरी करणारे आणि सुट्टीत कॅमेरे घेऊन फिरणारे तीन मित्र. बंगळुरूहून आलेलं एक मराठी जोडपं, दोघंही तिथेच लहानाची मोठी झालेली. आणि ठाण्याच्या एक काकू, त्या तिघांपैकी एकाच्या आई.

निघण्याआधी प्रत्येक पाहुण्याला मी एक प्रश्न विचारते: जेजुरी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? त्या दिवसापुरतं तरी माणसाच्या मनातलं गाव काय आहे, ते या प्रश्नातून कळतं. तिघा मित्रांनी जवळजवळ एकच उत्तर दिलं: पिवळा रंग. बंगळुरूची ती म्हणाली, "होळीसारखं काहीतरी ना?" तिचा नवरा म्हणाला, लहानपणी आजी "येळकोट येळकोट" म्हणायची, त्यापलीकडे काही माहीत नाही. काकू म्हणाल्या, "आमचं कुलदैवत आहे. लग्न झाल्यावर ह्यांनी मला उचलून पाच पायऱ्या चढवलं होतं."

सहा माणसं एकाच गाडीतून एकाच ठिकाणी निघाली होती, आणि तरी ती तीन वेगवेगळ्या जेजुऱ्यांना चालली होती.

सोमवतीला नेमकं काय होतं

अमावस्या सोमवारी आली की ती सोमवती. वर्षात ती साधारण दोन-तीनदा येते. 2024 मध्ये तीनदा आली: 8 एप्रिल, 2 सप्टेंबर आणि 30 डिसेंबर. त्या दिवशी खंडोबा-म्हाळसेच्या उत्सवमूर्ती पालखीतून गड उतरून कऱ्हा नदीवर स्नानाला जातात. मानकऱ्यांचा हुकूम झाला की खांदेकरी पालखी उचलतात, बंदुकीच्या फैरी झडतात, आणि अंगणातल्या पितळी कासवाभोवती उभे असलेले हजारो लोक भंडारा, म्हणजे देवाची हळद, आणि खोबरं उधळतात. जगभर फिरणारा फोटो या काही मिनिटांतला आहे.

सोहळा मात्र त्यानंतर दिवसभर चालतो. पालखी पायऱ्या उतरते, गावातून जाते, कऱ्हेच्या काठी देवाचं स्नान होतं, वाटेवरच्या गावाचा मान घेत परत येते आणि रात्री गडावर पोचते. मग सेवेकऱ्यांना रोजमुरा वाटला जातो. रोजमुरा म्हणजे ओंजळभर ज्वारी. ती हातात पडली की सोहळा संपला. त्या ज्वारीचा फोटो मी आजवर कोणाच्या फोनवर पाहिलेला नाही.

गर्दीत कोण असतं तेही सांगायला हवं. धनगर, मराठे, कोळी, रामोशी, ब्राह्मण, वडार, लिंगायत, सगळे. देवाची एक बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. देवाच्या घोड्यांची सेवा परंपरेनं मुस्लिम घराण्याकडे आहे, आणि कित्येक ठिकाणी खंडोबाला मल्लूखान म्हणूनही हाक मारतात. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातले अभ्यासक गुंथर सोन्थायमर या देवासाठी आणि त्याच्या धनगरांसाठी वर्षानुवर्षं महाराष्ट्रात येत राहिले. परक्या माणसाला पुन्हा पुन्हा ओढून आणेल एवढं इथे आहे. पिवळ्या रंगाच्या मागे काय आहे, याची पाहुण्याला निदान चाहूल लागावी म्हणून हे सगळं मी गाडीतच सांगून टाकते. त्या दिवशीही सांगितलं. तिघा मित्रांचं अर्धं लक्ष लेन्स पुसण्यात होतं.

गडावर

गाडी गावाच्या बरीच अलीकडे लावावी लागली. एप्रिलचं ऊन, पायऱ्यांवर अनवाणी माणसांचा लोंढा. भंडाऱ्यानं आधीच पिवळे झालेले दगड तळव्याखाली एका ठिकाणी चटके देत होते आणि दुसऱ्या ठिकाणी, घाम आणि नारळाचं पाणी सांडलेलं होतं तिथे, निसरडे झाले होते. मित्रांपैकी एकजण दोन दीपमाळांच्या मधल्या चढावर घसरला. लागलं फारसं नाही, पण कॅमेरा वाचवताना कोपर सोलवटलं. तिथून पुढे तो गप्पच झाला.

खाली एका दुकानातून सगळ्यांनी भंडाऱ्याच्या पुड्या घेतल्या होत्या. अंगणात पोचल्यावर बंगळुरूच्या तिनं मूठभर उधळला, आणि वाऱ्यानं त्यातला थोडा तिच्याच डोळ्यांत गेला. हळद डोळ्यांत गेली की चुरचुरतेच. इथे मात्र डोळे लाल होऊन पाणी थांबेना. मी पुडी हातात घेऊन वास घेतला. हळदीचा वास जवळजवळ नव्हताच. बोटांवर चोळल्यावर पिवळेपणा कातडीला चिकटून बसला आणि खाली पांढरट पीठ राहिलं. मी काकूंच्या पुडीशी ताडून पाहिलं. काकूंनी भंडारा ठाण्याहून, घरी दळलेल्या हळदीचा आणला होता. दोन्ही एका तळव्यावर शेजारी शेजारी ठेवले. काकूंचा भंडारा गडद, थोडा भरड, स्वयंपाकघराचा वास असलेला. दुकानातला झगझगीत, टाल्कम पावडरीसारखा मऊ, आणि वास नसलेला.

भेसळीच्या भंडाऱ्याच्या तक्रारी गावकऱ्यांच्याच आहेत, नव्या नाहीत. पाहुण्याच्या बाजूनं बघितलं की त्याचा अर्थ आणखी गंभीर होतो. ज्या एका वस्तूसाठी माणूस इथवर आला, तीच खोटी निघाली तर त्याचा विश्वास कुठल्या गोष्टीवर राहील? हॉटेल महाग निघालं तर तो हॉटेलला नावं ठेवतो. भंडारा खोटा निघाला की नाव गावाचं जातं. बाटलीतल्या पाण्यानं तिचे डोळे धुताना मला खरोखर शरम वाटली. ती काही बोलली नाही. तिचा नवरा मात्र म्हणाला, "ताई, मग हे सगळं असंच आहे का?"

त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तेवढ्यात फैर झडली.

पुढची काही मिनिटं कोणीच कोणाशी बोललं नाही. आधी घोष ऐकू आला, सदानंदाचा येळकोट, आणि तो तटाला आपटून परत आला. मग उजेडाचा रंगच बदलला. खोबऱ्याचे तुकडे खांद्यांवर, डोक्यावर टपटपत होते. पालखी दिसत नव्हती. ती कुठे आहे ते माणसं कुठल्या बाजूला झुकतात त्यावरूनच कळत होतं. कॅमेरेवाले तिघं सज्जात चढले होते, तिथे आधीच कॅमेऱ्यांची भिंत उभी होती. एकमेकांच्या खांद्यावरून, कोपरं मारत फोटो निघत होते. दोघांना हवा तसा फोटो मिळाला. मी नंतर पाहिला. सुंदर होता, आणि फोनवर आला होता तसाच, अगदी हुबेहूब.

जॉन उरी नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं पर्यटकांच्या नजरेबद्दल लिहून ठेवलंय की माणूस आधी पाहिलेल्या चित्राच्या शोधात प्रवासाला निघतो, आणि तेच चित्र स्वतः काढून आणलं की प्रवास पुरा झाला असं मानतो. त्या सज्जात मला ते अक्षरशः दिसलं. फोटो मिळाल्यावर दोघा मित्रांनी विचारलं, "आता आणखी काही असतं का, की निघायचं?" पालखी तेव्हा गडाच्या पायऱ्यांवरसुद्धा पोचली नव्हती.

पाचवा हात

उतरताना ऊन टाळायला आम्ही एका ओवरीच्या सावलीत टेकलो. शेजारी बारामतीकडचं एक कुटुंब तळी भरत होतं. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा. एक वाघ्या, म्हणजे खंडोबाला वाहिलेला भक्त, दिमडी वाजवत होता. ताम्हणाला चार हात लागले होते, पाचवा माणूस गर्दीत हरवला होता. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आजोबांनी आजूबाजूला बघितलं आणि बंगळुरूच्या त्याला हाक मारली, "ओ पाव्हणं, या इकडं. हात लावा."

तो माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. गळ्यातला कॅमेरा बायकोकडे देऊन तो उकिडवा बसला आणि त्यानं ताम्हणाला हात लावला. "सदानंदाचा..." आजोबा म्हणाले, बाकीच्यांनी "येळकोट" म्हणत ताम्हण उचललं. पहिल्या खेपेला याचा आवाज फुटला नाही. दुसऱ्या खेपेला तो उशिरा म्हणाला. तिसऱ्या खेपेला सगळ्यांबरोबर. मग आजोबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, तो आडवा ओढत कानापर्यंत नेला, आणि खोबऱ्याचा तुकडा हातात ठेवून विचारलं, "गाव कंचं?"

तो म्हणाला, "बंगळूर." मग थोडं थांबून, "आजी इंदापूरची होती."

"मग लांबचा न्हाईस," आजोबा म्हणाले.

या दिवसातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. अंगणातल्या पिवळ्या ढगापेक्षाही मोठी. ढगात तो प्रेक्षक होता आणि प्रेक्षकाला गैरसोय लगेच बोचते: ऊन, गर्दी, डोळ्यांची आग, पार्किंग. ताम्हणाला हात लागल्यावर तेच ऊन आणि तीच गर्दी त्याच्यासाठी दुसरी झाली. उन्हाबद्दल तो नंतर बोललाच नाही असं नाही. बोलला, पण आपल्या घरच्या लग्नातल्या उकाड्याबद्दल बोलावं तसं.

आणि ही गोष्ट कोणी ठरवून केलेली नव्हती. त्या कुटुंबाला पाचवा माणूस खरंच हवा होता. पर्यटकांना अनुभव मिळावा म्हणून कोणी तिथे रोज तळी भरण्याचा कार्यक्रम ठेवला, तर ते ताम्हण नुसतं ताम्हण राहील. गोव्यात शिगम्याच्या, म्हणजे तिथल्या शिमग्याच्या, चित्ररथांची मिरवणूक शहरांतून निघते, ती बघायला छानच असते. पण सत्तरी-डिचोलीच्या गावांत देवळापुढे रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचणारा मेळ, घुमतो तेव्हा तो त्या गावाचा स्वतःचा असतो, आणि बघणाऱ्याला तो फरक कोणी सांगावा लागत नाही.

कोण काय घेऊन गेलं

घसरलेला मित्र आणि त्याचे दोन जोडीदार दुपारीच पुण्याला निघाले. जाताना त्यानं मला सरळ सांगितलं, राग नव्हता: "ताई, एकदा बघायला ठीक आहे. परत नाही." बाकी दोघं खूश होते, फोटो मिळाला होता. पण "परत कधी?" असं मी विचारल्यावर त्यांनीही हसून विषय बदलला. त्यांच्या मनातली जेजुरी सकाळी होती तीच संध्याकाळी राहिली, फक्त आता तिच्यावर "झालं" अशी खूण पडली होती. उत्सवाचं एकच चित्र फार ताकदीचं झालं की हे होतं. ते माणसाला खेचून आणतं आणि पुरं झालं की सोडून देतं. जेजुरीसारख्या गावाचं पोट यात्रेच्या दिवसांवर तर चालतंच, पण अधल्यामधल्या दिवशी आलेल्या माणसावरही चालतं, आणि तो माणूस या चित्रामुळे येईनासा होतो. मला फोन येतात: "मंगळवारी आलो तर पिवळं असेल का हो?" नसेल म्हटलं की बेत बदलतो. मग मी काय सांगू त्यांना, की मंगळवारी सकाळी कासवावर एखादंच नवं जोडपं उभं असतं, दिमडीचा आवाज तटावरून स्वच्छ ऐकू येतो, आणि डोंगरावरच्या जुन्या देवस्थानाला, कडेपठारावर, चढून गेलं तर करवंदीच्या जाळ्यांतून तुम्ही आणि वारा एवढंच असतं? सांगते मी हे. फोटो नसल्यामुळे ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही.

काकूंचं निराळं होतं. त्यांना ना गर्दीनं नवल वाटलं ना त्रास. मुलगा निघून गेला तरी त्या थांबल्या. त्यांना कऱ्हेवर जायचं होतं, गेल्या, आणि पालखीला हात लावून आल्या. पर्यटकांच्या मनावर उत्सवाचा परिणाम मोजायचा म्हटलं की काकूंना कुठल्या रकान्यात घालायचं हा प्रश्नच आहे. त्या पर्यटक होत्या का? गाडी, गाईड, जेवणाची थाळी सगळं त्यांनी बाकीच्यांसारखंच घेतलं होतं. पण आपल्याकडे निम्मे पर्यटक काकूंसारखे असतात, भाविक आणि प्रवासी यांच्या मधोमध. यात्रास्थळाचं नियोजन करणाऱ्यांनी या दोघांना वेगळं काढायच्या भरीस पडू नये असं माझं ठाम मत आहे. काकूंची सोय नीट झाली, म्हणजे पायऱ्यांवर सावली, पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि खरा भंडारा, की बाकी सगळ्यांची आपोआप होते. खरा भंडारा म्हणताना मला साधी गोष्ट हवी आहे: अन्नपदार्थ विकताना जी तपासणी होते ती यात्रेच्या आधी प्रत्येक दुकानात व्हावी, आणि हळद नसलेली पावडर भंडारा म्हणून विकता येऊ नये. तो कपाळाला लागतो, तोंडातही जातो.

जोडपं रात्रीपर्यंत थांबलं. तिचे डोळे निवळले होते. पालखी गडावर परतली तेव्हा गर्दी पांगलेली होती, खांदेकऱ्यांचे खांदे सुजलेले, चेहरे पिवळे आणि थकलेले. रोजमुरा वाटायला लागले. शेजारच्या एका खांदेकऱ्यानं आपल्या ओंजळीतले थोडे दाणे तिच्या हातात ओतले. तिला कळेना याचं करायचं काय. काकू म्हणाल्या, "घरच्या धान्याच्या डब्यात टाक. सरत नाही मग."

उतरताना पायऱ्यांवर तिला एक वडार बाई भेटली होती. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलं नाही. डिसेंबरात तिचा फोन आला. मला वाटलं, तीस तारखेच्या सोमवतीबद्दल विचारणार. तिनं विचारलं, "पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो म्हणे. ती बाई म्हणाली होती, तू ये, बघ. येऊ का?"

जानेवारी 2025 मध्ये दोघं आली. त्या दिवशी आकाश निरभ्र होतं, भंडारा नावापुरता. बंगाली पटांगणात पालं पडलेली, चुलींचा धूर, आणि शेकडो गाढवं. राज्यभरातून आलेले वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, वैदू. काठेवाडी जनावरांभोवती सगळ्यात जास्त माणसं. एका म्हाताऱ्यानं गाढवाचा ओठ वर करून तिला दात दाखवले आणि समजावून सांगितलं: दोन दातांचं दुवान, चारांचं चौवान, सगळे आले की अखंड. किंमत दातांवर ठरते. तिनं वाकून स्वतः दात मोजले आणि म्हणाली, "चौवान." म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि पुढच्या जनावराकडे हात केला.

तिच्या नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा होता. बराच वेळ तो तसाच लोंबत होता. मग त्यानं तो काढला आणि आधी म्हाताऱ्याला विचारलं, काढू का. म्हातारा म्हणाला, "काढ. पण आमच्या गाढवासकट."

दुपारी आम्ही गडावर गेलो. अंगण जवळजवळ मोकळं होतं. कासवाच्या पितळेवर ऊन पडलं होतं आणि फटींत कुठल्या तरी जुन्या यात्रेचा भंडारा अडकून राहिला होता. तिनं पिशवीतून एक छोटी डबी काढली. बंगळुरूच्या बाजारातून आणलेली हळकुंडं तिनं घरी दळली होती.